सिंथेसायझरचा संग्रह : पारख, खरेदी आणि जतन

सिंथेसायझर हे विजेच्या लहरींपासून स्वर घडवणारे वाद्य आहे. सतारीत तार कंप पावते, बासरीत हवा. सिंथेसायझरमध्ये विद्युतदाब सेकंदाला शेकडो वेळा वरखाली होतो आणि स्पीकरमधून तोच स्वर म्हणून ऐकू येतो. घरोघरी ‘कॅसिओ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कीबोर्डवर तयार आवाज आणि तयार ताल मिळतात. सिंथेसायझरवर मात्र आवाज वादकाने स्वतः घडवायचा असतो. तो किती धारदार असावा, किती वेळात उमटावा, कसा विरावा, हे नॉब आणि बटणे फिरवून ठरवता येते. प्रत्येक मॉडेलचे सर्किट वेगळे, म्हणून प्रत्येकाचा गळाही वेगळा. त्या गळ्याच्या ओढीनेच जगभरातले हौशी लोक जुनी-नवी सिंथेसायझर जमवत असतात.

या छंदात शिरणाऱ्याला तीन प्रश्न सोडवावे लागतात: काय घ्यावे, घेताना काय तपासावे आणि घेतलेले चालू कसे ठेवावे. तिन्ही उत्तरांचा पाया एकच आहे. सिंथेसायझर हे वाद्य आहे. ते वाजते आहे तोवरच त्याला संग्रहात अर्थ आहे.

आवाज घडतो कसा

खरेदीपूर्वी आवाज निर्माण करण्याच्या पद्धती समजून घ्याव्यात. वाद्य कोणत्या कामाचे, हे त्याच्या नावापेक्षा आणि वयापेक्षा या पद्धतीवरून अधिक कळते.

सर्वांत जुनी आणि आजही सर्वाधिक आवडती पद्धत अ‍ॅनालॉग वजाबाकीची. ऑसिलेटर करवती, चौकोनी किंवा त्रिकोणी आकाराची लहर तयार करतो. या लहरींत मूळ स्वराबरोबर अनेक उपस्वर मिसळलेले असतात. फिल्टर त्यांतले नको ते छाटतो, त्यामुळे आवाज मऊ किंवा धारदार होतो. अ‍ॅम्प्लिफायर त्याचा जोर ठरवतो. एन्व्हलप हे सर्किट स्वर उमटल्यापासून विरेपर्यंतचा सारा प्रवास आखते, आणि एलएफओ हा मंद गतीचा ऑसिलेटर स्वराला आंदोलन देतो. यांत वाद्याची ओळख सर्वाधिक फिल्टरमध्ये असते. मूग कंपनीच्या मिनीमूग या वाद्यातील फिल्टर ट्रान्झिस्टरच्या शिडीसारख्या मांडणीचा असून तो दर सप्तकाला २४ डेसिबल इतक्या उताराने उपस्वर कापतो. त्याचा खर्ज भरदार लागतो. कॉर्गच्या एमएस-२० चा फिल्टर ताणला की अक्षरशः किंचाळतो. दोन्ही अ‍ॅनालॉगच, पण एकाचे काम दुसरा करत नाही.

दुसरी पद्धत एफएम. एका लहरीने दुसऱ्या लहरीची वारंवारता अतिशय वेगाने हलवली की नवे उपस्वर जन्माला येतात, हे जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात आढळले. यामाहाने या शोधाचा परवाना घेतला आणि १९८३ मध्ये डीएक्स७ बाजारात आणला. घंटा, इलेक्ट्रिक पियानो, धातूवर आघात केल्यासारखे आवाज ही एफएमची हुकमत. तिसरी पद्धत सॅम्पलिंगची, म्हणजे प्रत्यक्ष आवाजाचा तुकडा मुद्रित करून तो वेगवेगळ्या उंचीवर वाजवण्याची. सिडनीत तयार झालेल्या फेअरलाइट सीएमआयने १९७९ मध्ये ती संगीतकारांच्या हाती दिली. वेव्हटेबल पद्धतीत लहरींची एक रांग साठवलेली असते आणि आवाज तीतून सरकत जातो. जर्मनीतील वोल्फगांग पाल्म यांच्या पीपीजी वाद्यांनी ती रूढ केली. अ‍ॅनालॉग सर्किटचे वागणे गणिताने उभे करणारी वाद्ये ‘व्हर्च्युअल अ‍ॅनालॉग’ म्हणून ओळखली जातात. स्वीडनच्या क्लाव्हिया कंपनीचा १९९५ मधील नॉर्ड लीड हे त्यांतले ठळक नाव.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. मिनीमूगवर एका वेळी एकच स्वर वाजतो. कॉर्ड धरता येत नाही. अशा वाद्याला मोनोफोनिक म्हणतात. अनेक स्वर एकत्र वाजवणाऱ्या पॉलिफोनिक अ‍ॅनालॉग वाद्यात प्रत्येक स्वरासाठी स्वतंत्र सर्किट लागते, म्हणून ती महाग, जड आणि दुरुस्तीला किचकट असतात. यामाहाचा सीएस-८० याचे टोकाचे उदाहरण: एका वेळी आठ स्वर, प्रत्येक पट्टीला स्वतंत्र दाबसंवेदना आणि वजन ८० किलोहून अधिक.

कालखंडांची ओळख

१९६४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ट्रुमन्सबर्ग गावी रॉबर्ट मूग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्यासोबत व्होल्टेजवर चालणाऱ्या सिंथेसायझरचे पहिले नमुने बनवले. त्याच सुमारास डॉन बुकला यांनी सॅन फ्रान्सिस्को टेप म्यूझिक सेंटरमधील संगीतकारांसाठी आपली यंत्रणा उभारली आणि पियानोसारख्या पट्ट्या तीत मुद्दाम टाळल्या. संग्राहकांच्या बोलण्यात येणाऱ्या ‘ईस्ट कोस्ट’ आणि ‘वेस्ट कोस्ट’ या दोन परंपरा इथून निघतात: पहिली पट्ट्या आणि फिल्टर यांवर उभी, दुसरी लहरींना घड्या घालण्यावर आणि अनपेक्षित स्वरक्रमांवर. या सुरुवातीच्या यंत्रणा मॉड्युलर होत्या. प्रत्येक भाग सुटा असे आणि तो केबलने जोडावा लागे. १९६८ मध्ये वेंडी कार्लोस यांच्या ‘स्विच्ड-ऑन बाख’ या तबकडीने मूगचा आवाज सामान्य श्रोत्यांपर्यंत नेला.

१९७० मध्ये मिनीमूगने हे सारे एका उचलता येण्याजोग्या पेटीत, कायमच्या जोडणीसह आणले. १९८१ पर्यंत सुमारे १२,००० मिनीमूग तयार झाले. लंडनच्या ईएमएस कंपनीचा व्हीसीएस३ त्याच्याही आधी, १९६९ मध्ये आला होता. त्यात केबलऐवजी छोट्या पिनांनी जोडणी होई. अमेरिकेत एआरपीने २६०० आणि ओडिसी ही वाद्ये दिली, तर जपानमध्ये १९७३ मध्ये रोलँडने एसएच-१००० आणि कॉर्गने मिनीकॉर्ग ७०० विक्रीस आणले.

१९७८ मधील सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-५ हा मोठा टप्पा. मायक्रोप्रोसेसरमुळे घडवलेला आवाज स्मृतीत साठवून एका बटणावर परत मिळू लागला. त्याआधी नॉबच्या जागा कागदावर लिहून ठेवाव्या लागत. पाठोपाठ ओबरहाइमचा ओबी-एक्स आणि १९८१ मध्ये रोलँडचा ज्युपिटर-८ आला. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे यासाठी सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला, आणि जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील नॅम प्रदर्शनात प्रॉफेट-६०० व ज्युपिटर-६ मिडी या सामायिक संकेतपद्धतीच्या केबलने जोडून दाखवण्यात आले. त्याच वर्षी आलेल्या डीएक्स७ ची विक्री दीड लाखाच्या पलीकडे गेली आणि अ‍ॅनालॉगचे दिवस सरले असे मानले जाऊ लागले. रोलँडचा डी-५० आणि कॉर्गचा एम१ ही त्या डिजिटल दशकाच्या अखेरची लोकप्रिय वाद्ये.

अ‍ॅनालॉगचे पुनरागमन दोन वाटांनी झाले. जर्मनीतील डीटर डोएफर यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यात ए-१०० ही मॉड्युलर यंत्रणा आणली आणि तिच्या मापांवरून ‘युरोरॅक’ हे मानक तयार झाले. आज शेकडो लहान-मोठे उत्पादक १२८.५ मिलिमीटर उंचीचे मॉड्यूल त्याच मापात बनवतात. दुसरी वाट जुन्या कंपन्यांच्या परतण्याची: कॉर्गने २०१३ मध्ये एमएस-२० मिनी आणि छोट्या व्होल्का मालिकेची वाद्ये काढली, तर सिक्वेन्शियलने २०२० मध्ये प्रॉफेट-५ ची चौथी आवृत्ती दिली.

भारतातील धागा

भारताचा या वाद्याशी संबंध समजतो त्यापेक्षा जुना आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग मॉड्युलर यंत्रणेसह स्टुडिओ उभारला. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी तिथे रचना केल्या. त्यांच्या टेप कित्येक दशके संस्थेच्या अभिलेखागारात पडून होत्या. कलावंत पॉल पुर्गस यांनी त्या शोधल्यावर २०२३ मध्ये ते संगीत ‘द एनआयडी टेप्स’ म्हणून प्रकाशित झाले.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत सिंथेसायझर रुजवणाऱ्यांत केर्सी लॉर्ड यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही रोलँडची तीन यंत्रे वापरून दहा रागांवर आधारित तबकडी ध्वनिमुद्रित केली. त्या वेळी तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही; २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या रसिकांनी ती डोक्यावर घेतली. तिन्ही यंत्रे आज संग्राहकांच्या सर्वाधिक मागणीतली आहेत. बास गिटारची साथ देण्यासाठी काढलेल्या टीबी-३०३ चे उत्पादन तर खप नसल्यामुळे १९८४ मध्येच थांबले होते. शिकागोच्या तरुण वादकांनी ते जुन्या बाजारातून स्वस्तात उचलले आणि त्यातून ‘अ‍ॅसिड हाउस’ ही शैली जन्मली. पुढे कशाला भाव येईल हे कंपन्यांनाही कळले नव्हते. म्हणून भाव वाढेल या आशेवर खरेदी करू नये. आवाज आवडला तरच करावी.

मूळ वाद्य, पुनरावृत्ती, प्रतिकृती की सॉफ्टवेअर

एकच आवाज आज चार रूपांत मिळू शकतो. पहिले रूप म्हणजे त्या काळातले मूळ वाद्य. त्याच्या भागांत वयाने आलेला किंचित फरक, सुरांची सूक्ष्म हालचाल आणि हाताला लागणारे जुने नॉब यांना खरोखरच पर्याय नाही. पण ते सांभाळायला पैसा, जागा आणि जवळपास जाणकार तंत्रज्ञ हवा. दुसरे रूप मूळ कंपनीने नव्याने काढलेल्या आवृत्तीचे. मूगने मिनीमूग मॉडेल डी २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये बाजारात आणला. अशा वाद्यात मूळ आवाजाबरोबर मिडीसारख्या सोयीही मिळतात. तिसरे रूप दुसऱ्या कंपनीने केलेल्या प्रतिकृतीचे. बेहरिंगरने २०१८ मध्ये आणलेला मॉडेल डी मिनीमूगच्या सर्किटवर बेतलेला असून किमतीत कितीतरी खाली आहे. प्रतिकृतींविषयी संग्राहकांत तीव्र मतभेद आहेत. नव्या वादकाला दार उघडले हे खरे, आणि मूळ रचना ज्यांच्या कष्टातून उभी राहिली त्यांना तिचे श्रेय मिळालेच पाहिजे, हेही खरे.

चौथे रूप सॉफ्टवेअर. डेक्स्ड हे विनामूल्य सॉफ्टवेअर डीएक्स७ चे आवाज संगणकावर उघडते, व्हीसीव्ही रॅकमध्ये युरोरॅकची जोडणी पडद्यावर करता येते आणि सर्ज एक्सटी अनेक पद्धती एकत्र देते. नवशिक्याने आधी काही महिने यांवर हात बसवावा. कोणती पद्धत आपल्या कानाला रुचते, हे एक रुपया न घालवता कळते, आणि न समजणारे महागडे वाद्य घरात येऊन पडण्याचा धोका टळतो.

पहिले वाद्य

पहिले प्रत्यक्ष वाद्य शक्यतो नवे, लहान आणि भरपूर नॉब असलेले घ्यावे. ज्या वाद्यावर एका नॉबला एकच काम नेमलेले असते, त्यावर कान आणि हात लवकर जुळतात. पडद्यावरच्या यादीत शिरून एकेक आकडा बदलावा लागला की शिकणे रखडते. कॉर्गचा मिनीलॉग हा एका वेळी चार स्वर वाजवणारा अ‍ॅनालॉग, मोनोलॉग हा एकस्वरी, आर्टुरियाचा मायक्रोफ्रीक हा अनेक डिजिटल पद्धती आणि अ‍ॅनालॉग फिल्टर एकत्र आणणारा. तिन्ही या दृष्टीने योग्य आहेत.

रागसंगीताशी नाते असणाऱ्याने आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, ग्लाइड किंवा पोर्टामेंटो, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय; मींडेसाठी ती अपरिहार्य आहे आणि तिचा वेग नॉबने तत्काळ बदलता आला पाहिजे. दुसरी, पिच बेंडचे चाक किंवा दांडी किती स्वरांपर्यंत जाते आणि हाताला किती हलकी लागते. तिसरी, सूक्ष्म स्वरजुळणीची सोय. मोनोलॉगवर आणि जुन्यांपैकी १९८७ च्या डीएक्स७ टूवर प्रत्येक पट्टी वेगळी लावता येते, त्यामुळे पाश्चात्त्य समान अंतराच्या सप्तकाबाहेर पडून कोमल-अतिकोमल असे स्वर धरता येतात.

जुने वाद्य प्रथमच घ्यायचे असेल तर सर्वांत प्रसिद्ध नावापासून सुरुवात करू नये. १९८०च्या दशकातील कॅसिओ सीझेड-१०१, डीएक्स७ किंवा एम१ यांसारखी मोठ्या संख्येने विकली गेलेली वाद्ये तुलनेने सहज मिळतात, त्यांची माहितीपत्रके उपलब्ध असतात आणि सुटे भागही सापडतात. भारतात जुन्या स्टुडिओंकडे आणि ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्यांकडे चौकशी केल्यास अशी वाद्ये हाती लागण्याचा संभव अधिक.

जुने वाद्य तपासताना

वाद्य शक्यतो प्रत्यक्ष वाजवूनच घ्यावे. विक्रेत्याने ते आधीच चालू करून ठेवले असेल तर बंद करून, थंड होऊ देऊन पुन्हा सुरू करण्यास सांगावे. पुष्कळ दोष थंड अवस्थेतच दिसतात. अ‍ॅनालॉग वाद्याचा सूर स्थिरावायला पंधरा ते तीस मिनिटे लागू शकतात. तेवढा वेळ गेल्यावरही सूर भटकत असेल तर तो दोष मानावा.

प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात दाबून पाहावी. काही पट्ट्या मुक्या असणे किंवा दोनदा वाजणे हे बहुधा संपर्कबिंदूंवरच्या मळामुळे होते आणि साफसफाईने सुधारते. पॉलिफोनिक वाद्यात एकच पट्टी लागोपाठ दाबत राहावी. वाद्य दर वेळी पुढच्या सर्किटकडे जाते, म्हणून सहा स्वरांच्या वाद्यात दर सहाव्या खेपेला आवाज बिघडत असेल तर त्यातले एक सर्किट आजारी आहे हे लगेच कळते. प्रत्येक नॉब आणि स्लायडर टोकापासून टोकापर्यंत फिरवावा, खरखर ऐकावी, आणि मागचे प्रत्येक सॉकेट केबल लावून तपासावे.

काही मॉडेलांचे दुखणे ठरलेले आहे आणि ते आधीच माहीत असावे. रोलँड ज्युनो-१०६ मधील ८००१७ए या भागांवर इपॉक्सीचे आवरण आहे. वयाबरोबर ते भाग निकामी होतात आणि स्वर गळतात किंवा खरखरतात. आवरण काढून ते सुधारता येतात, शिवाय नव्याने बनवलेले पर्यायी भागही मिळतात. कॉर्ग पॉलीसिक्समधील निकेल-कॅडमियम बॅटरी गळली की तिचा क्षार सर्किट बोर्ड खाऊन टाकतो. झाकण उघडून बॅटरीभोवतीचा भाग पाहिल्याशिवाय हे वाद्य घेऊ नये. १९९१ च्या रोलँड जेडी-८०० मध्ये पट्ट्यांखालची वजने लाल गोंदाने चिकटवलेली आहेत. तो गोंद पातळ होऊन खाली झिरपतो आणि पट्ट्या अडकतात. प्रॉफेट-५ च्या पहिल्या दोन आवृत्त्यांत एसएसएम चिप, तर तिसरीत कर्टिस कंपनीच्या सीईएम चिप आहेत. आवाजात आणि भरवशात फरक पडतो, म्हणून नुसते ‘प्रॉफेट-५’ ऐकून किंमत ठरवू नये, आवृत्ती विचारावी.

‘सर्व्हिस केलेले’ या विक्रेत्याच्या शब्दाला पुरावा हवा. कोणी केले, कधी केले, कोणते भाग बदलले, याचे बिल मागावे. नंतर बसवलेले मिडी किट उपयोगी असते, पण ते नीट बसवले आहे का आणि त्यासाठी पेटीला भोके पाडली आहेत का, हे बघावे. परदेशातून मागवताना वाद्याची किंमत, वाहतूक, विमा, आयात शुल्क व कर आणि पहिल्या दुरुस्तीचा खर्च असा पूर्ण हिशेब करावा; शुल्काची चौकशी वाद्य निघण्यापूर्वीच झालेली असावी. बांधणी दुहेरी खोक्यात करून घ्यावी, कारण नॉब आणि पट्ट्या प्रवासातच सर्वाधिक तुटतात.

वीज, दमट हवा आणि रोजची निगा

जपानमधील वाद्ये १०० व्होल्टवर, अमेरिकेतील सुमारे १२० व्होल्टवर चालतात. भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा आहे. मागे लिहिलेला व्होल्टेज वाचल्याखेरीज कोणतेही जुने वाद्य प्लगला लावू नये. चुकीच्या पुरवठ्याने ट्रान्सफॉर्मर क्षणात जळतो. योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा, अर्थिंग नीट असावे आणि वीज वारंवार जात असेल तर सर्व वाद्यांना मिळून एक चांगला यूपीएस ठेवावा.

मुंबई, कोकण आणि गोव्यातील दमट, खारट हवा सिंथेसायझरची मोठी शत्रू. संपर्कबिंदू काळे पडतात, स्क्रू गंजतात, लाकडी बाजू फुगतात. पावसाळ्यात वाद्य बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नये. प्लॅस्टिकने गुंडाळल्यास आत ओल कोंडते, म्हणून सुती आच्छादन वापरावे आणि पेटीत किंवा कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात. आठवड्यातून एकदा तासभर वाद्य चालू करून वाजवणे हा सर्वांत साधा उपाय: आतल्या उबेने ओल उडते, कपॅसिटर जिवंत राहतात आणि नॉबमध्ये मळ साचत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उलट काळजी घ्यावी. पत्र्याच्या छपराखालची माळ्याची खोली वाद्यांसाठी वापरू नये.

साफसफाईसाठी इलेक्ट्रॉनिक संपर्कबिंदूंसाठीचाच क्लीनर वापरावा. गंज सोडवणारे तेलकट फवारे आत मारल्यास धूळ चिकटून दोष वाढतो. स्मृती टिकवणारी बॅटरी दर काही वर्षांनी बदलावी लागते आणि ती काढताच साठवलेले आवाज पुसले जातात. म्हणून आधी त्यांची प्रत करावी: मिडी असलेल्या वाद्यातून सिसेक्स माहितीच्या रूपात संगणकावर, आणि ज्युनो-६० किंवा पॉलीसिक्ससारख्या मिडीपूर्व वाद्यातून कॅसेटच्या सॉकेटमधून निघणारा आवाज ध्वनिमुद्रित करून. पॉवर सप्लायमधील कपॅसिटर वाद्य बंद केल्यावरही काही काळ भारित असतात, म्हणून त्या भागाला अनुभवी तंत्रज्ञाखेरीज कोणी हात लावू नये. बदललेला प्रत्येक मूळ भाग पिशवीत घालून वाद्यासोबतच जपावा.

जुन्या-नव्याची जोडणी

मिडीपूर्व अ‍ॅनालॉग वाद्ये सीव्ही-गेट पद्धतीने जोडली जातात. एका केबलमधला व्होल्टेज स्वराची उंची सांगतो, दुसऱ्यातला संकेत स्वर सुरू आणि बंद करतो. मूग, रोलँड आणि युरोरॅक यांत सप्तकाला १ व्होल्ट हे प्रमाण चालते. कॉर्ग एमएस-२० आणि यामाहाची काही जुनी वाद्ये मात्र वेगळे, हर्ट्झ-प्रति-व्होल्ट प्रमाण पाळतात. दोन्ही थेट जोडल्यास सूर जुळत नाही, मधे परिवर्तक लागतो. मिडी केबलवर १६ चॅनेल असतात, म्हणून एकाच कीबोर्डवरून किंवा संगणकावरून अनेक वाद्ये वाजवता येतात. युरोरॅकमध्ये मॉड्यूलची पट्टी-केबल उलट लावली तर मॉड्यूल जळू शकते. लाल कडा कोणत्या बाजूला यावी, हे दर वेळी पाहूनच वीज सुरू करावी.

माणसे, संस्था आणि नोंदी

या छंदात एकट्याने फार दूर जाता येत नाही. जुन्या चिप कुठे मिळतात, कोणता तंत्रज्ञ भरवशाचा, कोणत्या मॉडेलचे दुरुस्तीपत्रक कोणाकडे आहे, हे ज्ञान एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे जाते. बर्लिनमध्ये २०१६ पासून भरणाऱ्या सुपरबूथ मेळ्यात उत्पादक आणि वादक एकत्र येतात, आणि बहुतेक वाद्ये तिथे हाताळता येतात. वाचनासाठी मार्क व्हेल यांचे ‘व्हिंटेज सिंथेसायझर्स’ हे पुस्तक आणि गॉर्डन रीड यांची ‘साउंड ऑन साउंड’ मासिकातील ‘सिंथ सीक्रेट्स’ ही लेखमाला यांपासून सुरुवात करावी. पुण्या-मुंबईत किंवा आपल्या शहरात चार समविचारी माणसे जमवून महिन्यातून एकदा वाद्ये एकत्र वाजवली, तर नव्या माणसाचे शिक्षण आणि वाद्यांची तपासणी दोन्ही साधतात.

उत्तम संग्रह कसा असावा याचे नमुने संस्थांनी घालून दिले आहेत. स्वित्झर्लंडच्या फ्रीबुर्ग येथील इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या संग्रहालयात हजारो यंत्रे आहेत आणि त्यांतली निवडक वाद्ये पाहुण्यांना वाजवण्यासाठी खुली असतात. मेलबर्न इलेक्ट्रॉनिक साउंड स्टुडिओत सभासद दुर्मीळ वाद्यांवर प्रत्यक्ष काम करतात. कॅनडातील कॅल्गरीच्या नॅशनल म्यूझिक सेंटरने टॉन्टो ही माल्कम सेसिल आणि रॉबर्ट मार्गूलेफ यांची प्रचंड मॉड्युलर यंत्रणा मिळवली आणि दुरुस्त करून पुन्हा चालती केली. स्टीव्ही वंडर यांच्या १९७०च्या दशकातील गाण्यांत तिचाच आवाज आहे.

घरगुती संग्राहकानेही याच वाटेने जावे. प्रत्येक वाद्याची वही असावी: अनुक्रमांक, कुठून घेतले, दुरुस्तीच्या तारखा, बदललेले भाग, साठवलेल्या आवाजांची प्रत. प्रत्येक वाद्याचे ध्वनिमुद्रणही वर्षातून एकदा करून ठेवावे. अहमदाबादचे संगीत टेपवर राहिले म्हणूनच आज ते ऐकता येते. जे वाद्य वर्षभर सुरू झाले नाही, ते योग्य किमतीला वाजवणाऱ्याच्या हाती द्यावे आणि ती जागा दुसऱ्याला करून द्यावी. नीट लावलेली, नियमित वाजणारी तीन वाद्ये हा संपूर्ण संग्रह आहे. कपाटात मुकी झालेली तीस यंत्रे म्हणजे फक्त साठा. संग्राहकाने हीच कसोटी पहिल्या खरेदीपासून लावावी.